कानशिलावरचा ठोका

४ जून

आले एकदाची. सामान म्हणजे एक बॅग, दोन जोड बूट आणि गळ्यातली शिट्टी. टॅक्सीवाल्याने बॅग उचलायला हात पुढे केला, त्याला म्हटलं राहू दे, तुझ्यापेक्षा माझे दंड बरे आहेत. तो हसला. मी विनोद केला नव्हता.

घर पाहताक्षणी आवडलं. दुमजली, पांढरं, नुकताच रंग दिलेलं. दारापासून फाटकापर्यंत सरळ फरशीची वाट, दोन्ही बाजूंना नीट कापलेलं गवत. फाटकाला कडी आहे, कुलूप नाही. आजारी बायका राहतात तिथे कुलूप नको का, असं आल्या आल्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, कधी गरजच पडली नाही बाई, फाटक उघडंच असतं. पहिल्याच दिवशी वाद नको म्हणून मनात नोंद केली.

काम माझ्या जातकुळीचं आहे. ही डॉक्टरांची स्वतःची संस्था. मेंदूतल्या अगदी बारीक रक्तवाहिन्या खराब झालेल्या तीन बायका इथे कायमच्या राहतात. डॉक्टर त्यांचा अभ्यास करतात आणि अधीक्षिका म्हणून मी त्यांचा दिवस मार्गी लावायचा. उठवणं, जेवू घालणं, चालवणं, झोपवणं. बी. ए. केलं, वर शारीरिक शिक्षणाची पदवी घेतली आणि जन्मभर शाळेत कवायत शिकवली. मैदानभर पोरींना एका शिट्टीवर उजवीकडे वळवलंय, तीन म्हाताऱ्या काय अवघड. निवृत्तीनंतर घरी बसून मी भाचीच्या फ्रीजमधले डबे उंचीप्रमाणे लावायला लागले होते. शेवटी तिनेच ही जाहिरात दाखवली. मावशी, तुला दामटायला माणसं लागतात, म्हणाली. कार्टीचं खरं आहे.

माझी खोली तळमजल्यावर, हवेशीर. किल्ल्यांचा जुडगा कमरेला लावून आरशात पाहिलं. शोभतो.

५ जून

तिघींची ओळख झाली. म्हणजे मी त्यांना पाहिलं. त्यांनी मला पाहिलं की नाही, देव जाणे. माझ्या डोक्यात नावं राहत नाहीत, टोपणनावं राहतात. शाळेतही तसंच होतं.

पहिली गोगलगाय. पाय उचलतच नाही, फरशीवरून घासत नेते. उंबरठ्यापाशी आली की बूट गोंदाने चिकटवल्यासारखी थांबते आणि खाली बघत राहते. दुसरी रडूबाई. कारण नसताना रडते आणि रडता रडता हसायला लागते. दटावलं तर म्हणते, वाईट वाटत नाहीये हो मला, आपोआप येतं. ढोंग. तिसरी खांब. खिडकीशी बसवली की खिडकीशीच बसते, बोलत नाही. फक्त मी जवळून गेले आणि किल्ल्या वाजल्या की तिचा हात स्वतःच्या कमरेशी जातो, काहीतरी चाचपतो आणि रिकामाच मांडीवर परत येतो.

स्वयंपाकीण बरी आहे. सपाट चेहऱ्याची, कामाला वाघ. मला ताई म्हणते आणि त्या तिघींना आजी. मी म्हटलं, अगं वयाने त्या माझ्याएवढ्याच दिसतात. ती म्हणाली, हो ताई, इथे आज्या लवकर होतात. आणि भाजी चिरायला लागली.

८ जून

आज तपासणी पाहिली. दर आठवड्याला असते. डॉक्टर कानशिलाला गार जेल लावतात, पेनाएवढी कांडी त्यावर टेकवतात आणि मेंदूत शिरणाऱ्या रक्ताचा आवाज स्पीकरवर येतो. तो साठवूनही ठेवतात. मागच्या आठवड्यातला रडूबाईचा ऐकवला, त्यात तिचं मुसमुसणंसुद्धा आलं होतं.

मी म्हटलं, मला समजावून सांगा. त्यांना आवडलं. म्हणाले, हृदय रक्त सोडतं ते धक्क्याधक्क्याने. हृदयातून निघणारी मोठी नळी तरुणपणी रबरी असते. धक्का आला की फुगते, तो स्वतःत जिरवते आणि पुढे शांत धार सोडते. वयाने आणि चढलेल्या रक्तदाबाने ती ताठ होते. मग धक्का जिरत नाही, तसाच्या तसा वर जातो आणि मेंदूतल्या केसाहून बारीक नळ्यांवर आपटतो, दर ठोक्याला, दिवसरात्र. त्या जाड होतात, तुंबतात, कुठे झिरपतात. मेंदूत सुकलेले ठिपके पडत जातात. मोठा झटका येत नाही म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. माणूस एकेक पायरी खाली उतरतो आणि प्रत्येक पायरीवर विचारतो, मला काय धाड भरलीय? आता आधी धक्का बिघडतो की आधी नळ्या, यावर तज्ज्ञांची अजून भांडणं आहेत. त्यासाठी अगदी सुरुवातीपासून एखाद्याला पाहायला मिळालं पाहिजे, असं ते म्हणाले. मोठा विद्वान माणूस.

माझा कान कवायतीचा, फरक लगेच कळला. डॉक्टरांनी स्वतःचा ठोका ऐकवला. झाडूने फरशी झाडावी तसा, सर्र, सर्र. खांबाचा म्हणजे ओला टॉवेल दगडावर आपटावा तसा. फट्. मध्ये काहीच नाही. मग पुन्हा फट्.

शेवटी माझीही तपासणी केली. या वेळी स्पीकर बंद करून त्यांनी स्वतः हेडफोन लावला. म्हणाले, आपला आपण ऐकला की ठोका बदलतो. बराच वेळ ऐकत होते. मी म्हटलं, आटपा डॉक्टर, घंटेची वेळ झाली, मी थांबणार नाही. ते हसले. उत्तम, म्हणाले. मुलाखतीआधी मेंदूचा फोटो काढायला लावला होता, तोही उत्तम. रक्तदाबाची गोळी कितीतरी वर्षं घेतेय, ती बाटली दाखवली तर म्हणाले, आता हिची गरज नाही, बंद करा. मी बाटली तिथेच कचऱ्याच्या डब्यात टाकली. औषधांचा मला तिटकारा. भाचीला फोन करून सांगितलं, बघ, तुझी मावशी घोडा आहे घोडा.

१७ जून

घराला वळण लागतंय. जेवणाला दोन घंटा. पहिलीला बसायचं, दुसरीला ताट उचललं जाणार, रिकामं असो की भरलेलं. गोगलगाय सुरुवातीला अर्धपोटी उठली. आता तोंड भराभर हलतं बरोबर. व्हरांड्यात पांढरी पट्टी मारून घेतली आहे. शिट्टी वाजली की निघायचं आणि पुन्हा वाजायच्या आत पट्टी ओलांडायची. नाही ओलांडली तर त्या दिवशी बाग बंद. रडूबाईला रडू किंवा हसू फुटलं की खुर्ची भिंतीकडे तोंड करून, ते संपेपर्यंत. चादर ओली केली तर दुसरी मिळणार नाही, तीच वाळवून अंथरायची. नाकाला झोंबली की आपोआप कळेल.

खांबाने कुठूनशी पेन्सिल मिळवून खिडकीखालच्या भिंतीवर काहीतरी खरडलं होतं. मुंगीएवढं अक्षर, मला वाचता येईना. एकच ओळ, पुन्हा पुन्हा. ओल्या फडक्याने पुसून काढली. ती बघत होती, रडली वगैरे नाही. आता दुपारच्या घंटेला सगळ्यांची पेनं-पेन्सिली गोळा होतात.

डॉक्टरांनी माझे नियम टाइप करून भिंतीवर लावले. तिथे आधीच्या अधीक्षिकांचेही आहेत. फोन अधीक्षिकेसमोरच करायचा, हा त्यातलाच एक. कुणीतरी शहाणी होती.

१० जुलै

भाची दर रविवारी फोन करते, मावशी जेवलीस का, मावशी झोप लागते का. आज सुनावलं. मी काही पाळण्यातली पोर नाही, काम असेल तरच फोन कर. बरं बाई, म्हणाली. लागलं तिला. लागू दे.

६ ऑगस्ट

आज दुसरी घंटा पहिलीच्या आधी झाली. म्हणजे ताटं वाढली आणि लगेच उचलली. स्वयंपाकिणीचा गोंधळ. तिला चांगली झापली. ती म्हणाली, घंटा तुम्हीच दिलीत ताई. मी म्हटलं, उलट बोलू नकोस. तिघी रात्रीपर्यंत उपाशी राहिल्या, एकीने ब्र काढला नाही. याला म्हणतात वळण.

डॉक्टर हल्ली दर आठवड्याला माझाही ठोका साठवून घेतात आणि रोज विचारतात, या बायकांचा राग येतो का, पूर्वीपेक्षा जास्त येतो का. येतोच. दगडालाही येईल. ते मान डोलावतात आणि लिहून घेतात. कामाची कदर असलेला माणूस.

२ सप्टेंबर

सकाळी उठले तर डावा पाय जड. नवे बूट आखूड असणार. जुने घातले. जिन्यात एकदा कठड्याला धरलं, कुणी पाहिलं नाही.

डॉक्टरांनी पाहिलं. जिना चढून परत उतरा बघू, म्हणाले. मी धडधड उतरून दाखवला. खाली आल्यावर त्यांनी शांतपणे विचारलं, किती पायऱ्या होत्या. मी म्हटलं, मला काय पायऱ्या मोजायला ठेवलंय?

२५ सप्टेंबर

गोगलगाय आज व्हरांड्याच्या मधोमध अडकली. पाय पुढे येईना. जागच्या जागी थरथरत होते, जमिनीत पुरल्यासारखे. दुसरी शिट्टी झाली. मी म्हटलं ठीक, नाही यायचं तर तिथेच उभी राहा. बाकीच्यांना जेवायला नेलं. परत आले तेव्हा तशीच उभी होती, पायाखाली ओलं. मला म्हणाली, बाई, उचलायचाय हो मला, पण तो हुकूम खालपर्यंत पोचतच नाही.

नाटकी. हुकूम म्हणे. मीच पाठीवर थाप मारली तशी गुडघ्यावर आली. मग मात्र रांगत गेली पट्टीपर्यंत. म्हणजे जमतं.

१४ ऑक्टोबर

दुपारी डॉक्टरांकडे विद्यार्थी आले होते. तपासणीच्या खोलीचं दार अर्धवट उघडं. आतून स्पीकरवर ठोका ऐकू आला. फट्. फट्. गोगलगाईहून कडक. मला वाटलं चौथी येतेय. उभ्या उभ्या ठरवलंसुद्धा, जिन्याखालची खोली देऊ, पट्टी आणखी लांब नेऊ. बरं वाटलं. तिघींवर माझी शिट्टी आता पुरेशी खर्च होत नाही.

मग त्या आवाजातूनच एका बाईचं बोलणं आलं. खडूस, घाईतलं. आटपा डॉक्टर, घंटेची वेळ झाली, मी थांबणार नाही.

एक विद्यार्थी हसला.

डॉक्टर म्हणाले, हा जूनमधला. आता याच बाईचा ऑक्टोबरचा ऐका.

१५ ऑक्टोबर

सकाळीच जाऊन विचारलं. त्यांनी काहीही नाकारलं नाही. खुर्ची दिली, पाणी दिलं. म्हणाले, जाहिरात वाचून आलेल्या सगळ्या बायकांत तुमचाच फोटो हवा तसा होता. ठिपके नुकते पडायला लागलेले, रक्तदाब जुना, आणि स्वभाव असा. मी म्हटलं, स्वभावाचा काय संबंध? म्हणाले, कडक बाई कधी म्हणत नाही मला चक्कर येते. ती म्हणते, बाकीच्या कामचुकार आहेत. तुम्ही चिडायला लागलात त्या दिवशी मी खूण करून ठेवली.

गोळी का बंद केलीत, विचारलं. म्हणाले, चालू ठेवली असती तर मला काय दिसलं असतं? जरा विचार करा बाई, तुम्ही शिकलेल्या आहात.

मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता गोळी द्या. देतो की, म्हणाले. उद्या आठवण करा.

दारात वळून विचारलं, मला हे सगळं सांगितलंत, मी गप्प बसेन असं वाटलं? ते म्हणाले, तिघींनाही सांगितलं होतं. कळल्यावर माणूस काय करतो, हेही पाहायचं असतं.

तिघींनाही. सरळ स्वयंपाकघर गाठलं. स्वयंपाकिणीने हातातलं काम सोडलं नाही. म्हणाली, रडणाऱ्या आजी मोठ्या इस्पितळात मेट्रन होत्या. त्या हळू चालणाऱ्या वसतिगृहात होत्या, पोरी चळचळा कापायच्या म्हणे. खिडकीतल्या आजी बँकेत साहेब, फोनचा तो नियम त्यांचाच. सगळ्या आधी ताईच होत्या, ताई. मी किंचाळले, तू मला सांगितलं का नाहीस? ती म्हणाली, पहिल्या ताईंना सांगितलं होतं. त्यांनी डॉक्टरांसमोर उभं करून मला चोर ठरवलं.

१८ ऑक्टोबर

ठरलं. बॅग भरायची, बसने भाचीकडे जायचं, दुसऱ्या डॉक्टरला दाखवायचं. गोळी सुरू. एवढंच. फाटक उघडं आहे.

सकाळी बॅग पलंगावर उघडली. मोजे ठेवले. मोजे आधी की साड्या आधी, तिथे थांबले. मोजे काढले, पुन्हा ठेवले. मग बसले. जेवणाची घंटा झाली, जेवले. संध्याकाळी बॅग तशीच होती.

घाबरायला हवं. डोक्याला कळतंय की घाबरायला हवं. पण आतून कोणी हलतच नाही. निवांत वाटतं. हे निवांत वाटणंच ते आहे, असं मला वाटतं.

२७ ऑक्टोबर

डॉक्टरांना गोळीची आठवण करायची होती. ते समोरच बसले होते, वर्तमानपत्र वाचत. आठवण होती. तोंड उघडायचं तेवढं राहिलं. ते पान उलटून माझ्याकडे पाहत थांबले. हातात पेन होतं. मग उठून गेले.

९ नोव्हेंबर

भाचीचा फोन आला. इतक्या दिवसांनी. डॉक्टर शेजारी उभे. उभे राहू देत, म्हटलं, हिला एक वाक्य सांगायचंय, मला घेऊन जा. एकच.

मला, एवढं म्हटलं आणि हसू फुटलं. कुठून आलं कळलं नाही. पोटातून उसळतच राहिलं. मला, आणि हसू. घेऊन, आणि हसू. डोळ्यांतून पाणी येत होतं, बरगड्या दुखत होत्या. आत मी ओरडत होते. भाचीला तिकडून हसू आलं. अगं मावशी, म्हणाली, जन्मात तुला इतकं हसताना ऐकलं नाही, किती बरं वाटलं गं. मी उगाच काळजी करत होते. आता नाही सतवत तुला.

ठेवला.

रडूबाई कोपऱ्यातून पाहत होती. तिने उठून माझी खुर्ची भिंतीकडे वळवली. नियमाप्रमाणे. मायेने केलं की सूड म्हणून, कळलं नाही. तिचंही तिला कळलं नसावं.

१ डिसेंबर

आज निघाले. बॅग नको, अशीच. अंगावरच्या कपड्यांनी. दार, पायऱ्या, फरशी. फाटक दिसत होतं. वाऱ्याने कडी हलत होती.

वाटेच्या मध्यावर पाय चिकटले. खाली पाहिलं. दोन बूट. माझेच. म्हटलं डावा उचल. शाळेत पोरींना सांगायचे तसं, डावा — उजवा — शिट्टी फुंकली. स्वतःसाठी. शिट्टी वाजली. पाय नाही. हुकूम खालपर्यंत पोचतच नाही. हे कोण म्हणालं होतं.

डॉक्टर खिडकीत होते. उघड्या फाटकाबाहेरून एक सायकलवाला गेला. मी हात केला. त्यानेही केला.

ओलं झालं. मग स्वयंपाकीण आली, कंबरेला धरून हळूहळू वळवलं. चला, जेवायची वेळ झाली. वळताना म्हणाली — अगदी साधं, भाजीत मीठ आहे का म्हणावं तसं — सांभाळून हं आजी.

१२ जानेवारी

चादर तीच. वाळवून. झोंबते.

शिट्टी आणि किल्ल्या डॉक्टरांनी मागून घेतल्या. एक दिवसासाठी. तो दिवस संपत नाही.

गोगलगाय काल गेली. जेवताना. घास घशात अडकला. भराभर खात होती, घंटेच्या आधी संपवायला. मी शेजारी बसले होते. माहीत होतं पाठीवर थाप मारायची. शाळेत शिकवलंय मी ते. हात मांडीवर होता. पाहत होते त्याच्याकडे.

घंटा झाली. ताट उचललं.

३ फेब्रुवारी

कानात ठोका येतो आता. उशीवर. फट् —

मध्ये काहीच नाही. त्या मधल्यात मी असते. पुढचा येईपर्यंत.

२० फेब्रुवारी

अक्षर बारीक झालंय. मोठं काढायला जाते, बारीकच येतं. मुंगीएवढं. आता वाचता आलं असतं मला, भिंतीवरचं. एकच ओळ होती. पुसली.

खांबाने आज माझ्याकडे पाहिलं. बहुतेक पाहिलं.

४ मार्च

नवी आली. उंच, ताठ. कारखान्यात सुपरवायझर होती म्हणे, हाताखाली शंभर माणसं. टॅक्सीतून स्वतः बॅग उतरवली. व्हरांड्यात येऊन पहिलं विचारलं, फाटकाला कुलूप का नाही. आवाज खणखणीत. आवडली मला. ही ऐकेल. शहाणी आहे.

किल्ल्या तिच्या कमरेला. वाजल्या. माझा हात छातीशी गेला, शिट्टीकडे. शिट्टी नाही. तिने पाहिलं आणि स्वयंपाकिणीला म्हणाली, ही कोण, छाती चाचपणारी? स्वयंपाकीण म्हणाली, या पण आजीच, ताई.

५ मार्च

तिच्या पर्समध्ये गोळ्यांची बाटली. टेबलावर काढून ठेवली होती. माझ्या होत्या तसल्याच. एक पाण्याबरोबर घेतली, माझ्यासमोर.

उद्या तिची तपासणी. आज सांगायला हवं.

गेले तिच्याकडे. भिंत धरून. बाई, म्हटलं. गोळ्या, म्हटलं. आणि आलं — हसू — फुटलंच. तिने भिंतीवरचा कागद वाचला. वाचून मान डोलावली. चांगले नियम आहेत, म्हणाली, कुणी केलेत. माझी खुर्ची वळवली.

भिंत. तिच्यावर ओल्या फडक्याचा जुना डाग. मीच पुसलं होतं.

६ मार्च

बोलता येत नाही. लिहिता येतं. घंटेपर्यंत. पान फाडून तिच्या हातात. रडूबाई नेईल. नाही नेलं तर मी. पाय — डावा —

तपासणी घंटेनंतर आहे. लवकर. मोठं अक्षर. मोठं —

बाई तुम्ही आजारी आहात पण अजून

हे नाही. आधी गोळ्यांचं.

बाई, डॉक्टर सांगतील बाटली टाका. डब्यात. तुम्हाला बरं वाटेल. मला वाटलं होतं. मी पण तुमच्यासारखी —

हे नको. वेळ नाही. गोळ्यांचं.

बूट वाजतायत. तिचे. पेनं गोळा करायला. घंटा —

बाई त्या गोळ्या टाकू न